चंद्रीचं दूध आणि लाल दिवा

दूधवाल्याच्या पोटी जन्मलो, दावणीला नऊ म्हशी, आणि दुधातलं पाणी ओळखणारं माझं यंत्र मी पिशवीतल्या दुधावर तपासलं. चूक म्हणाल तर एवढीच. पण कोल्हापुरात चूक करणाऱ्यानं ती एकट्यानं करावी, अशी सोय नाही. बघायला पेठ जमते, आणि बघून झाल्यावर वर्षानुवर्षं सांगतेही. आजही मंगळवार पेठेत कुणी मला ओळखत नसेल तर शेजारचा त्याला माझं नाव किंवा शिक्षण सांगत नाही. "पिशवीवाला की!" म्हणतो, आणि पलीकडच्याला लगेच उजेड पडतो.

आमचा दुधाचा कट्टा पेठेच्या कोपऱ्यावर होता, अजून आहे. दिवस कलला की आबा म्हशी घेऊन तिथं यायचे. म्हशी ओळीनं उभ्या राहायच्या, आणि त्यांच्यासमोर गिऱ्हाइकं हातात ग्लास घेऊन त्याच शिस्तीत उभी राहायची. धार काढायची ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, हा आमच्याकडचा कायदाच. ग्लास तोंडाला लावला की वर बोटभर फेस, आणि पिऊन झाल्यावर माणसाला पांढऱ्या मिश्या. परगावच्या पावण्याला ही कोल्हापूरची हौस वाटते. हौस कसली, हा संशय आहे. शेजाऱ्यावर, दुकानदारावर, जावयावर माणूस डोळे झाकून भरवसा ठेवील, पण दुधावर? छे. आमच्याकडं तीस-तीस वर्षं दूध पिणारे लोक होते आणि रोज संध्याकाळी ते आबांच्या हाताकडं पहिल्यांदाच बघत असल्यासारखे टक लावून बघायचे. आबांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी बघितलं नाही तर ते अस्वस्थ व्हायचे. "बघ की लेका हिकडं," असं ओरडून सांगायचे. रिकाम्या चरवीवर पहिली धार पडली की ती पत्र्यासारखी वाजते, मग हळूहळू आवाज जाड होत जातो आणि शेवटी नुसता फेसातला फुसफुसाट उरतो. मी लहानपणी त्या आवाजावर झोपलोय. पुढं जर्मनीच्या प्रयोगशाळेत सगळं गप्पगार असायचं, तेव्हा मला ह्या फुसफुसाटाची आठवण यायची. पण ते नंतरचं.

"समोर पिळलं तरच दूध," हे आबांचं वाक्य. ते त्यांनी दुधापुरतं ठेवलं असतं तर माझं तारुण्य सुखात गेलं असतं. आबा घरात नवा मिक्सरसुद्धा दुकानदाराला समोर दोनदा चटणी वाटायला लावून आणायचे. मी पास झालो की गुणपत्रिका उजेडात धरून बघायचे. अशा घरात एका संध्याकाळी मी जेवताना म्हणालो, की आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून जर्मनीला तीन आठवड्यांचा कोर्स आहे, मोजमापाच्या यंत्रांचा, आणि निवडीच्या यादीत माझं नाव आलंय. त्या दिवशी आईनं कोंबडीचा पांढरा रस्सा केला होता. वाटी तोंडाला लावलेली तशीच धरून आबांनी मला विचारलं, "किती?"

"तीन आठवडे."

"तीन आठवड्यांत काय शिकवत्यात? आपली म्हैस दावण बदलली तर महिनाभर दूध चोरती."

मुरगूडची आत्या तेव्हा आमच्याकडंच मुक्कामाला होती. ती येताना काकवीची बाटली आणि जिल्ह्यातल्या सगळ्या फसवणुकींची ताजी बातमी घेऊन यायची. ती म्हणाली, "दादा, मी सांगतो ऐक. आमच्या गल्लीतल्या एकाला आसंच परदेशात नोकरी म्हणून न्हेलं आणि तितं भांडी घासाय लावली. आणि किडनीचं तर इचारूच नको. मानूस झोपला की काढून घेत्यात, टाकं सुदिक दिसत न्हाईत."

"टाके न दिसता काढतात म्हणजे डॉक्टर चांगले असणार," मी म्हणालो. माझ्या विनोदांना योग्य वेळ कधीच सापडलेली नाही. आईनं माझ्या ताटातला रस्सा संपलेला असूनही वाटी पुढं केली नाही. तिचा संशय तिसराच होता. तो तिनं बोलून दाखवला नाही, पण झोपायच्या आधी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शिकवायला कोण हाय? पोरगी हाय?"

शिकवायला डॉक्टर केलर म्हणून बाई होत्या, पन्नाशीच्या. मी हे सांगितल्यावर आईचा जीव निम्मा भांड्यात पडला. निम्माच, कारण बाईंना मुलगी आहे का, हे मला सांगता येईना.

आता ह्या यंत्राविषयी सांगतो, म्हणजे माझं शहाणपण नीट ध्यानात येईल. ह्या कोर्सला जायचं तर स्वतः बनवलेलं एक मोजमापाचं यंत्र दाखवावं लागे. माझं साधं होतं. उंच स्टीलच्या भांड्यात दूध भरायचं, त्यात एक बारीक नळी तरंगत सोडायची. दूध घट्ट असेल तर नळी वर राहते, पाणी असेल तर खाली बुडते. भांड्याच्या काठाला मी एक डबी बसवली होती. नळी नीट तरंगली की डबीवर हिरवा दिवा, जास्त बुडाली की लाल. कल्पना आबांच्या धंद्यावरूनच सुचलेली. मग ते तपासायला दूध आबांचं का नाही घेतलं? तर भल्या पहाटे उठून, किटली गाडीला अडकवून कॉलेजात न्यायला मला लाज वाटायची. वर्गातल्या पोरांना माझ्या अंगाला शेणाचा वास येतो की काय, ह्या संशयानं मी चार वर्षं सेंट मारून काढली. कॉलेजच्या फाटकासमोर डेअरीच्या पिशव्या मिळायच्या, थंडगार. कात्रीनं कोपरा कापला की काम झालं. पाणी घातलं की लाल, नाही घातलं की हिरवा. शिक्षकांनी पाठ थोपटली. मी कॉलर ताठ केली.

आबा शेवटी एका अटीवर आले. "बाईला समोर बघणार. बघून खरी वाटली तर होकार, न्हायतर हितंच म्हशी धू." कॉलेजला घरच्यांचा होकार लागत होता, आणि केलरबाईंनी निवडीच्या बोलण्यासाठी व्हिडिओवर एकच संध्याकाळ दिली होती. दुसऱ्या दिवशी नावं पक्की होणार. मी ठरवलं होतं की कॉलेजच्या प्रयोगशाळेत, टाय लावून, मागे फळ्यावर समीकरणं लिहून बसायचं. आबा म्हणाले, "मी कट्टा सोडून कुठं येत न्हाय. बाईला हिकडं बोलीव."

म्हणून माझ्या आयुष्यातली पहिली आंतरराष्ट्रीय मुलाखत सरकी पेंडेच्या पोत्यावर झाली. मोबाईल दुसऱ्या पोत्याला टेकवून उभा केला. थंडीचे दिवस, वारं सुटलेलं. मी टाय लावलाच होता, आणि यंत्रही शेजारी मांडलं होतं. पलीकडं दुपार होती. पडद्यावर बारीक केसांच्या, चष्म्यातल्या केलरबाई दिसल्या आणि इकडं माझ्या खांद्यावरून एक एक डोकं वर आलं. आबा, आत्या, नेहमीचं गिऱ्हाईक देसाई वकील, आणि मागं ग्लास हातात घेतलेली निम्मी पेठ. बाईंनी नमस्कार केला. आत्या माझ्या कानाशी आली. "आधीच भरून ठेवल्याली फिल्लम लावत्यात. मी फोनवर वाचलंय. तिला कान धराय सांग."

"आत्या, त्या प्राध्यापक आहेत."

"मग काय, प्राध्यापकास्नी कान नसत्यात व्हय? धरूदे. धरलं तर खरी."

आबांनी मान डोलावली, म्हणजे त्यांचीही तीच मागणी होती. मी इंग्रजीत घाम गाळत बाईंना सांगितलं, की आमच्याकडं असं आहे, घरच्यांची खात्री पटायला हवी, तर कृपा करून आपण दोन्ही कान पकडता का. बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडं नीट बघितलं, आणि दोन्ही कान पकडले. कट्ट्यावर टाळ्या पडल्या. देसाई वकील म्हणाले, "आता उठाबशा." ते मी इंग्रजीत सांगितलं नाही.

मग आबांना खिडकीबाहेरचं बघायचं होतं. बाईंनी संगणक उचलून खिडकीशी नेला. ओला रस्ता, एक ट्राम, कुत्रं घेऊन चाललेली एक म्हातारी. आत्या म्हणाली, "बर्फ कुठं हाय? परदेश म्हनल्यावर बर्फ नको?" बाईंनी तेही ऐकून घेतलं, मी सांगितल्यावर हसल्या, आणि परत खुर्चीत बसून म्हणाल्या, "तुमची माझ्याविषयी खात्री झाली असेल, तर आता माझी पाळी. अभिजित, तू दूध तपासणारं यंत्र बनवलंस असं लिहिलंयस. मला ते इथं, आत्ता, समोर चालवून दाखव."

मी भाषांतर केलं. आबांचा चेहरा उजळला. "बाई आपल्यातली हाय," ते म्हणाले. कुणीतरी समोर काढून दाखव म्हणतंय, ह्यापेक्षा मोठी ओळख त्यांना नको होती. त्यांनी चंद्रीला पुढं घेतलं. चंद्री म्हणजे आमच्या कट्ट्याची शान, शिंगांना पितळी टोपणं घातलेली, तिच्या दुधासाठी लोक थांबून राहायचे. आबांनी तिची कास धुतली, हात कोरडे केले, चरवी उलटी करून मोबाईलपुढं धरली, म्हणजे आत पाण्याचा थेंब नाही हे बाईंना दिसावं. मग धार वाजायला लागली. सगळा कट्टा ऐकत होता आणि जर्मनीही ऐकत होती. फेसाळलेलं, वाफाळतं दूध त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या स्टीलच्या भांड्यात ओतलं. मी नळी सोडली. नळी फेसात शिरली, खाली गेली, आणखी खाली गेली आणि दिवा लागला.

लाल.

मी डबी हलवली. लाल. नळी काढून पुसून परत सोडली. लाल. मला वाटतं तेव्हा चंद्रीसुद्धा रवंथ करायची थांबली असेल. आणि मग मी एक गोष्ट केली, फार तर डोळ्याची पापणी लवावी इतकीच. मी आबांच्याकडं बघितलं. यंत्र तर कॉलेजात कधी चुकलं नव्हतं. म्हणजे कदाचित... एवढंच माझ्या डोक्यात आलं होतं. पण तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या नजरा झेललेल्या माणसाला ती नजर ओळखायला वेळ लागत नाही. फक्त ती घरातून कधी आली नव्हती. आबा वळले आणि चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बोलले ते देसाई वकील. "यंत्र कशाला खोटं बोलंल? त्याला काय पोटपाणी हाय?"

झालं. कट्ट्यावर एकच गलका उठला. एकानं हातातला ग्लास उजेडाकडं धरून बघितला. दुसरा म्हणाला, आठवड्यापूर्वी त्याला दूध पातळ लागलं होतं, पण तेव्हा सर्दी म्हणून बोलला नाही. तिसऱ्यानं, मी त्याचं नाव घेणार नाही कारण तो आता माझा मेव्हणा झालाय, कासेला पाण्याचा फुगा बांधता येतो का असं विचारलं. आबांच्या बाजूनं बोलणारेही होते. ते वकिलांवर तुटून पडले. आत्या तर पदर खोचून मध्येच उभी. "समोर पिळलं न्हवं? डोळं काय घरात ठिवून आलतासा? तीस वरसं ढोसतासा आन् आज डबडं बोललं तर खरं?" असं म्हणत ती माझ्या यंत्राकडं वळली. मला वाटलं आता ती भांडं गटारात ओतणार. पण दूध ओतणं तिच्या रक्तात नव्हतं. कुणाचा पाय लागून सांडू नये म्हणून तिनं भांडं नळीसकट, डबीसकट उचललं आणि म्हशींच्या कासा धुवायला आणलेल्या गार पाण्याच्या बादलीत उभं करून ठेवलं. आणि परत भांडायला गेली.

केलरबाईंचा फोन चालूच होता, हे मी विसरलो होतो. कोल्हापुरात भांडण रंगात आलं की माणूस जर्मनी विसरतो. मला फक्त दोन गोष्टी दिसत होत्या. एक, माझी जागा गेली. दोन, आबांच्या कट्ट्याचं नाव गेलं, आणि ते घालवायला भेसळवाला लागला नाही, घरचा इंजिनिअर पुरला. कितीतरी वेळ हे चाललं. बोलून बोलून काहींच्या घशाला कोरड पडली. मग पोत्यापाशी एक बारीक आवाज आला. मोबाईलमधून बाई जिवाच्या आकांतानं काहीतरी ओरडत होत्या आणि बोट दाखवत होत्या. मी कान नेला.

"हिरवा! दिवा हिरवा झालाय!"

बादलीतल्या भांड्यावर खरंच हिरवा दिवा लागला होता. फेस बसला होता, नळी ताठ वर आली होती, अगदी परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखी. दुधात कुणी काही घातलं नव्हतं, काढलं नव्हतं. आम्ही भांडत होतो तेवढ्यात ते निवलं होतं, बस्स. देसाई वकिलांनी बादलीत वाकून बघितलं, मग घसा साफ केला आणि म्हणाले, "मी आधीपास्नंच म्हणत हुतो." त्यावर आत्या त्यांना जे म्हणाली ते छापता येत नाही.

बाई म्हणाल्या, "अभिजित, आधी लाल का होता?"

मला माहीत नव्हतं. खोटं बोलावं तर पेठ साक्षीला. "माहीत नाही," मी म्हणालो.

"ताजं दूध गरम असतं, त्यात हवा भरलेली असते. ते हलकं असतं, नळी बुडते. थंड झालं, हवा गेली की खरं कळतं. तू हे यंत्र कसल्या दुधावर तपासलंस?"

"थंड."

"कुठलं?"

"पिशवीतलं."

पडद्यावर बाईंनी मागच्या म्हशींकडं बघितलं. मला दिसत होतं, त्या मोजत होत्या. मग त्यांनी चष्मा परत काढला, ह्यावेळी डोळे पुसायला, कारण त्या हसत होत्या. देसाई वकिलांना इंग्रजी येत होतं. त्यांनी सगळ्या कट्ट्याला "पिशवी" हा एकच शब्द सांगितला आणि बाकीचं लोकांनी समजून घेतलं. हसण्याचा असा लोट उठला की चंद्रीनं मान झटकली. बिनपाण्याचं ठरलेलं ते दूध प्यायला मग रांग लागली. मघाशी ग्लास उजेडात धरणारा सगळ्यात पुढं होता.

हसू आवरल्यावर बाई म्हणाल्या, की यंत्र बनवता येणारे त्यांना पुष्कळ भेटतात, पण "माहीत नाही" म्हणणारा आजच्या दिवसात पहिला भेटला. कोर्स ह्याचाच आहे, यंत्रावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही ठेवायचा ह्याचा. त्यांच्याकडून माझी जागा पक्की. आता वडिलांनी सांगावं.

मी आबांच्याकडं वळलो. ते अजून चंद्रीपाशीच होते. सगळं हसणं, ओरडणं त्यांच्या पाठीवरून गेलं होतं आणि त्या एका नजरेनंतर त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं. मी जवळ जाऊन म्हणालो, "आबा, बाई विचारतात." पुढं आणखी काहीतरी म्हणायचं होतं, ते टायमध्ये अडकलं. आता माझ्या मिश्यांत पांढरं दिसायला लागलंय, आबांचे गुडघे गेलेत, संध्याकाळी म्हशी मीच कट्ट्यावर नेतो, आणि ते वाक्य अजून माझ्याकडं तसंच पडून आहे. आबांनी चरवी खाली ठेवली. हात धुतले, धोतराला पुसले, पोत्यापुढं येऊन उकिडवे बसले आणि बाईंना खालपासून वरपर्यंत शेवटचं एकदा तपासलं. मग माझ्याकडं न बघता मला म्हणाले, "मी सांगतो तसंच सांग. माझ्या बोलण्यात पदरचं काय घालू नको."

"नाही घालत."

"बाई, न्ह्या ह्याला. आमच्या म्हशीच्या दुधात पाणी न्हाय, ते तुम्ही समोर बघितलासा. पण ह्या पोरात किती हाय, ते आमाला अजून गावलं न्हाय. तेवढं तपासून परत पाठवा."